ह्यूस्टनमध्ये टोमॅटो फुलतो पण फळ धरत नाही: दर जूनचं दुखणं आणि त्याचा इलाज

जून लागला की ह्यूस्टन, शुगर लँड, केटी, पेअरलँड अशा सगळ्या भागांतल्या मराठी परसबागांतून एकच तक्रार ऐकू येते. झाड छातीएवढं झालंय, पानं हिरवीगार आहेत, पिवळ्या फुलांचे घोस लागलेत आणि फळाचा पत्ता नाही. सकाळी वाफ्यात बघावं तर आच्छादनावर सुकलेल्या फुलांचा सडा. मग व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि त्याखाली उपायांची रांग लागते. खत कमी पडलंय. पाणी जास्त होतंय. एप्सम सॉल्ट घाला. आंबट ताक शिंपडा. अंड्याची टरफलं पुरा. हल्ली मधमाश्याच राहिल्या नाहीत हो.

हे सगळे उपाय सांगणारी माणसं मनापासून सांगतात, पण या दुखण्यावर त्यांतला एकही चालत नाही. कारण इथे फळ धरणार की नाही हे ठरवते रात्रीची हवा, आणि ती हवा आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ती लावणीची तारीख. ती चुकली की वर कितीही खत दामटलं तरी जुलैत टोमॅटो दुकानातूनच आणावे लागतात.

आधी गळलेलं फूल उचला

इलाजाच्या आधी निदान. वाफ्यात पडलेलं एक फूल उचलून हातात घ्या. टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मध्येच एक बारीक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फळ धरलं नाही की झाड त्या गाठीपाशी देठ सोडून देतं. गाठीच्या पुढचा भाग आधी पिवळा पडतो, मग जरा धक्का लागला की निखळतो. मागचा अर्धा देठ हिरवाच घोसाला चिकटलेला राहतो. असं दिसलं तर फूल झाडानेच टाकलं आहे. कुणी कुरतडलेलं नाही, तेव्हा फवारणीच्या बाटलीकडे हात नेऊ नका.

आता झाडावरचं ताजं उमललेलं फूल बघा. पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि मध्ये परागकोशांची एक पिवळी, निमुळती नळी असते. स्त्रीकेसराची हिरवट काडी एरवी त्या नळीच्या आतच असते, म्हणून या फुलाला स्वतःचेच पराग सहज मिळतात. उष्णता फार वाढली की ती काडी लांबते आणि नळीच्या तोंडातून बाहेर डोकावायला लागते. भिंगाची गरज नाही, वाचायचा चष्मा पुरतो. टोक बाहेर आलं म्हणजे आतले पराग त्याच्यापर्यंत पोचणं अवघड झालं.

आणखी एक सोपी परीक्षा. फुलाखाली मोबाइलची बंद, काळी स्क्रीन धरा आणि फुलामागच्या देठाला टिचकी मारा. एप्रिलमध्ये कोरड्या दुपारी हे केलं तर काचेवर फिकट पिवळी भुकटी पडलेली दिसते. जुलैच्या दमट सकाळी बहुतेक वेळा काहीच पडत नाही, कारण पराग ओलसर होऊन आतच चिकटून बसतात. काही पडलेच तरी त्यांतल्या बऱ्याच परागांत जीव नसतो, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

या दुखण्याशी गल्लत होईल अशी तीन-चार दुसरी दुखणी आहेत, ती आधी बाजूला काढू. फुलंच येत नाहीत आणि झाड नुसतं पानोळं झालंय, असं असेल तर नत्र जास्त झालंय किंवा ऊन कमी पडतंय. रोज निदान सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. आणि नत्र कुठून आलं असं विचाराल तर लॉनकडे बघा. सेंट ऑगस्टीन गवताला टाकायचं खत वाफ्याच्या कडेपर्यंत उडालेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही नसतं. फळ धरतंय पण बूड काळं पडतंय, तर ते पाण्याच्या अनियमिततेमुळे. आठवडाभर कोरडं, मग एकदम पूर, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. त्यावर एप्सम सॉल्ट घालणं म्हणजे उलटंच काम, कारण त्यात मॅग्नेशियम असतं आणि ते जास्त झालं की कॅल्शियम उचलण्यात अडथळा येतो. फळ धरलंय, मोठंही होतंय, पण सालीवर पांढरट-पिवळे टणक चट्टे आहेत, तर तो लीफ-फुटेड बगचा उद्योग. मागच्या पायांवर पानासारखा चपटा भाग असलेला तपकिरी किडा तो हाच. त्याची नारिंगी-तांबडी पिल्लं फळावर घोळक्याने बसतात. सकाळी लवकर, ती सुस्त असताना, साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाकायची. यापेक्षा चांगला उपाय मला तरी ठाऊक नाही.

आणि शेंड्याची नवी पानं लहान, वर वळलेली, कडेने पिवळी, झाड खुरटलेलं असं दिसत असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. तेही झाड फुलं गाळतं. त्याला इलाज नाही. उपटा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको.

यातलं काहीच नसेल, झाड निरोगी असेल आणि फुलं मात्र गाठीपाशी गळत असतील, तर पुढचं वाचा.

रात्रीचा पारा

टोमॅटोला फळ धरायला रात्री साधारण ५५ ते ७० फॅरनहाइट, म्हणजे १३ ते २१ सेल्सिअस, हवामान मानवतं. रात्रीचं किमान तापमान ७५ फॅरनहाइटच्या, म्हणजे २४ सेल्सिअसच्या वर राहायला लागलं की परागांचं काम बिघडतं. दिवसा ९० च्या वर गेलं की त्यात भर पडते. ह्यूस्टनमध्ये जुलै-ऑगस्टचं दिवसाचं तापमान ९५ च्या आसपास असतं आणि रात्रीचं किमान ७५ च्या वर. तेही विमानतळावरचं. शहराच्या मध्यभागी, विटांच्या भिंती आणि काँक्रीटच्या ड्राइव्हवेच्या मध्ये असलेल्या वाफ्यात पारा आणखी वर असतो. एसीचं बाहेरचं युनिट वाफ्याच्या शेजारी असेल तर विचारायलाच नको.

दिवसाची उष्णता सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे शेडनेट बांधतात. शेडनेटने दुपारचा चटका कमी होतो, पानं करपत नाहीत, फळावर उन्हाचे डाग पडत नाहीत. बांधायला हरकत नाही. पण रात्रीचं तापमान शेडनेटने कमी होत नाही. संध्याकाळी पाण्याचा फवारा मारूनही होत नाही. उलट रात्रभर ओली राहिलेली पानं करप्याला आमंत्रण देतात.

रात्र थंड का होत नाही, याचं कारण आखातात आहे. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी हवा वाफेने भरलेली असते. रात्री हवा गार व्हायला लागली की एका टप्प्यावर ही वाफ दवात बदलू लागते, आणि बदलताना उष्णता सोडते. त्यामुळे पारा त्या टप्प्याखाली फारसा उतरत नाही. या टप्प्याला हवामानवाले दवबिंदू म्हणतात. पश्चिम टेक्ससच्या कोरड्या भागात दुपारी आपल्याइतकंच, कधी आपल्याहून जास्त तापतं, पण हवेत वाफ नसल्यामुळे पहाटेपर्यंत पारा धाडकन खाली येतो. आपल्याकडे पहाटे पाचला दार उघडलं तरी चष्म्यावर वाफ धरते.

म्हणून फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये कमाल तापमान बघू नका, दवबिंदू बघा. बहुतेक ॲपमध्ये तो थोडा खाली सरकल्यावर सापडतो. दवबिंदू साठीत असेल तर त्या रात्री फळ धरण्याची आशा ठेवा. तो ७४-७५ वर जाऊन बसला की समजा, हंगाम मिटला. साधारणपणे हे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घडतं, एखाद्या वर्षी मेच्या अखेरीसच. त्यानंतर सप्टेंबर सरत येईपर्यंत, म्हणजे उत्तरेकडून पहिला खरा थंड वारा येईपर्यंत, त्यात फारसा फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. जूनमध्ये कधी चार दिवस बरे जातात, ढग असतात, रात्री जरा गार वाटतं, तरीही फुलं गळतच राहतात. त्याचं कारण असं की परागांचं नुकसान फूल उमलण्याच्या आधी, कळी असतानाच होतं. आज उमललेल्या फुलाच्या परागांनी आठवडा-दीड आठवड्यापूर्वीची उष्णता सोसलेली असते. त्यामुळे हवा सुधारली तरी झाड लगेच सुधारत नाही. सप्टेंबरातही हाच उशीर दिसतो, तेव्हा गार वारा आल्यावर दोन आठवडे धीर धरा.

मृगाची सवय इथे नडते

महाराष्ट्रात मृग लागला की रोपं टाकायची, ही सवय हाडात मुरलेली आहे. पुणे, नाशिक, जुन्नर, नारायणगाव या पट्ट्यातला माणूस म्हणेल, खरिपाचा टोमॅटो आम्ही पावसाळ्यात घेतोच की. बरोबर आहे. पण पुण्यात जुलैमध्ये दिवसा पारा २८ सेल्सिअसच्या आसपास असतो आणि रात्री २२. ढग महिनाभर डोक्यावर असतात आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरची उंची आहे. पाऊस तिथे हवा थंड करतो.

ह्यूस्टनला वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याहून कितीतरी जास्त. पण इथे पाऊस आहे, पावसाळा नाही. तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो. जुलैत दुपारी तीनला गडगडाट होऊन सर येते, अर्ध्या तासात ऊन पडतं आणि जमिनीतून वाफा निघतात. त्या सरीने रात्र गार होत नाही, दमटपणा मात्र वाढतो. कोकणातल्या माणसाला हे लगेच समजतं, कारण त्याच्याकडेही पावसाळ्यात टोमॅटो घाटावरूनच येतो.

शिवाय उजेडाचा फरक आहे. ह्यूस्टनमध्ये २१ जूनचा दिवस १४ तासांचा असतो, मुंबईत सव्वातेरा. टोमॅटोला याचं विशेष नसतं, वालाला मात्र असतं. ते पुढे येईल.

थोडक्यात, जूनमध्ये लावणी करणारा माणूस इथल्या हंगामाच्या शेवटाला सुरुवात करत असतो. आणि मोठ्या साखळी दुकानांचा दोषही मोठा आहे. मे संपेपर्यंत ती मंडळी दारात टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडून ठेवतात. त्यातही निम्मी रोपं थंड प्रदेशात शोभणाऱ्या, अर्धा किलोची फळं देणाऱ्या जातींची. विकत घेणाऱ्याला वाटतं, दुकानात आहे म्हणजे हंगाम आहे.

आत्ता जूनमध्ये काय करायचं

तुमचं झाड आत्ता वाफ्यात उभं आहे, म्हणून आधी त्याचं बोलू.

चेरी टोमॅटो असेल तर ठेवा. सनगोल्ड, स्वीट १००, ज्युलिएट अशा लहान फळांच्या जाती मोठ्या फळांच्या जाती थांबल्यावरही थोडं थोडं देत राहतात. यांना थोडी मदत करता येते. सकाळी दहा-साडेदहानंतर, दव उडाल्यावर आणि दुपारच्या कडक उन्हाआधी, घोसाच्या मागच्या फांदीला हलकेच टिचक्या मारा. पराग सुटण्याची तीच वेळ. पहाटे आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा हलवून काही उपयोग नाही. काही जण बॅटरीचा टूथब्रश देठाला टेकवतात. त्यात विनोद वाटण्यासारखं काही नाही, भुंगे हेच करतात. फुलाला लटकून गुणगुणतात आणि त्या थरथरीने पराग सांडतात. साध्या मधमाश्यांना हे जमत नाही, म्हणून टोमॅटोपुरती मधमाश्यांची तक्रार गैरलागू आहे.

आधी धरलेली फळं झाडावर असतील तर ती लाल होण्याची वाट बघू नका. पारा सतत ९० च्या वर असला की फळात लाल रंग नीट भरत नाही, पिवळट-नारिंगी राहतो. तोवर पक्षी, खारी आणि तो पायात पान घेऊन हिंडणारा किडा आपापला वाटा घेऊन जातात. बुडाशी गुलाबी छटा आली की काढा आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवा, फ्रिजमध्ये नको. चवीत फारसा फरक पडत नाही.

मोठ्या फळांचं झाड असेल आणि एकही फळ उरलं नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे: उपटा. छाटणी करून, सावली देऊन ते सप्टेंबरपर्यंत जगवता येतं, आणि काही लोक तसं करतातही. पण तीन महिने पाणी घालून तुम्ही लाल कोळी, पांढरी माशी आणि करप्याला पाळत असता. त्यापेक्षा उपटण्याआधी त्याच्या बगलेतून फुटलेल्या निरोगी फुटव्यांचे वीतभर लांबीचे तुकडे कापून घ्या. खालची पानं काढा, ओल्या पॉटिंग मिश्रणात खोचा आणि सावलीत ठेवा. टोमॅटोच्या खोडाला मुळं सहज फुटतात, दीड-दोन आठवड्यांत रोप तयार. ही तुमची शरद ऋतूची रोपं, फुकटात. मूळ झाडावर डाग, वळलेली पानं, कोळ्याची जाळी असेल तर मात्र हा मोह टाळा. रोगही सोबत येतो.

‘ब्लॉसम सेट’ नावाच्या फवाऱ्याबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्यात वनस्पतींची संप्रेरकं असतात. मार्चच्या थंड रात्रींमुळे फुलं गळत असतील तर त्याचा थोडा उपयोग होतो. उष्णतेने गळणाऱ्या फुलांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, आणि धरलेलं फळही अनेकदा वेडंवाकडं, बिनबियांचं निघतं.

रिकाम्या झालेल्या वाफ्यात लगेच भेंडी, चवळी किंवा मायाळू लावा. ही मंडळी या हवेत खूश असतात. भेंडी तर जुलैत इतक्या वेगाने वाढते की एक दिवस चुकवला तर दुसऱ्या दिवशी ती निबर होते. अळू दमट कोपऱ्यात आपोआप माजतो. दोडका, दुधी, कारलं एप्रिलपासूनच वेलीवर असायला हवीत, पण जूनमध्येही चालतील.

खरा इलाज: उलटं मोजा

फळ धरण्याची खिडकी इथे दोनदा उघडते. पहिली मार्चच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत, दुसरी सप्टेंबरच्या अखेरीपासून थंडी पडेपर्यंत. सगळं नियोजन या खिडक्यांवरून उलटं मोजत यायचं.

वसंतातली लावणी मोठ्या झाडांची, भरपूर पिकाची. जूनच्या सुरुवातीला खिडकी बंद होणार, म्हणजे एप्रिल-मे हे दोन महिने झाड फुलांनी भरलेलं हवं. म्हणजे एप्रिल लागायच्या आत ते अंगाने भरलेलं हवं. म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, फार तर मार्चच्या मध्यापर्यंत, रोप वाफ्यात गेलेलं हवं. बियांपासून करायचं तर रोप तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा बिया नाताळ ते नववर्षाच्या सुमारास घरात, दिव्याखाली टाकायच्या. संक्रांतीला तिळगूळ वाटताना खिडकीत टोमॅटोची दोन पानं दिसली पाहिजेत.

अडचण अशी की फेब्रुवारी इथे भरवशाचा नाही. २०२१ च्या फेब्रुवारीच्या मध्यात बुश विमानतळावर पारा १३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे दहा सेल्सिअसच्याही खाली गेला होता. ती टोकाची गोष्ट झाली, पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात एखादी गोठवणारी रात्र येणं नवलाचं नाही. जुन्या टेक्सन माळ्यांचा ठोकताळा पिकॅनच्या, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा देणाऱ्या इथल्या झाडाचा. पिकॅन उशिरा पालवतं आणि पालवलं म्हणजे थंडी गेली असं ते मानतात. ठोकताळा चांगला आहे, पण टोमॅटोसाठी तो जरा उशीरच करतो. पिकॅनला पूर्ण पालवी येईपर्यंत थांबलात तर खिडकीतले दोन-तीन आठवडे हातचे जातात. मी रोपं लहान कुंड्यांतून मोठ्या कुंड्यांत हलवून ठेवण्याच्या बाजूचा आहे. दिवसा बाहेर, गारठ्याच्या रात्री गॅरेजमध्ये. हवामानखात्याच्या दहा दिवसांच्या अंदाजात गोठवणारी रात्र नसली की वाफ्यात लावायची. नंतर अचानक थंडी आलीच तर काठ्या रोवून वरून जुनी चादर टाका आणि सकाळी काढा. प्लास्टिक पानांना चिकटलं तर तिथेच पान जळतं.

लावताना रोप खोल लावा, खालची पानं काढून निम्मं खोड मातीत जाऊ द्या. त्या खोडालाही मुळं फुटतात. माती हा इथला वेगळा विषय आहे. ह्यूस्टनच्या बऱ्याच भागांत जिला गंबो म्हणतात ती काळी चिकण माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळ्या जमिनीच्याच जातकुळीची. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात पाणी धरून ठेवते. कापसाला ठीक, पण वर्षभर पाऊस पडणाऱ्या गावात टोमॅटोची मुळं तिच्यात कुजतात. फूटभर उंच वाफा करा आणि त्यात इथल्या माती विकणाऱ्यांकडे ‘रोज सॉइल’ नावाने मिळणारं मिश्रण भरा. गुलाब लावायचे नसले तरी चालतं, निचरा चांगला असतो. वर पाइनच्या सुया किंवा वाळल्या पानांचं तीन-चार इंचांचं आच्छादन घाला. नत्राचं खत लावणीच्या वेळी बेताचं द्या. पुढचा हप्ता पहिली फळं गोटीएवढी झाल्यावरच, आधी दिलं तर नुसती पानं मिळतात.

मार्चमध्ये पहिला घोस गळला तर घाबरू नका. तेव्हा रात्री ५५ च्या खाली गेलेल्या असतात. थंडीतही पराग काम करत नाहीत. दुसऱ्या घोसापासून गाडी रुळावर येते.

जात निवडताना पाकिटावरचे दिवस वाचा. रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकेपर्यंत ५५ ते ७५ दिवस लिहिलेली जात इथे बसते. ८५-९० दिवसांच्या, भल्यामोठ्या फळांच्या जुन्या जाती सुंदर असतात, पण त्यांना फळ धरायची वेळ येते तेव्हा आपली खिडकी मिटत आलेली असते. सेलिब्रिटी ही इथली भरवशाची जात. मुद्दाम उष्णतेसाठी तयार केलेल्याही जाती आहेत, हीटमास्टर, सोलर फायर, फिनिक्स. त्यांच्या नावावर जाऊन जुलैचं स्वप्न बघू नका. त्या नेहमीच्या जातींपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसतात, एवढंच. खिडकी आठवडा-दोन आठवडे लांबते, कायमची उघडत नाही.

दुसरी खिडकी

शरदातला टोमॅटो बहुतेक जण करतच नाहीत, आणि मला तो जास्त आवडतो. फळं कमी येतात, पण थंड रात्रीत पिकल्यामुळे रंग आणि गोडवा वसंतातल्यापेक्षा सरस असतो.

यासाठी रोपं जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाफ्यात गेली पाहिजेत. वर सांगितलेले फुटवे जूनच्या अखेरीस खोचले असतील तर ती वेळ बरोबर जमते. बियांपासून करणार असाल तर त्या जूनमध्ये टाका. ऑगस्टच्या उन्हात कोवळं रोप टाकणं जिवावर येतं हे खरं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथे १०९ फॅरनहाइटपर्यंत पारा गेला होता. म्हणून इथे शेडनेट खरोखर कामाला येतं: तीस ते चाळीस टक्क्यांचं, पश्चिमेच्या बाजूने, पहिले तीन आठवडे. फळ धरण्यासाठी नाही, रोप जगावं म्हणून. सप्टेंबरच्या मध्यात नेट काढून टाका. दिवस लहान होत जातात, सावली राहिली तर झाड काठीसारखं उंच होतं.

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, त्यामुळे खुंट आणि पिंजरे पहिल्या दिवशीच घट्ट रोवा. या हंगामात पांढरी माशी जास्त असते आणि वर सांगितलेला पान वळवणारा विषाणू याच दिवसांत गाठतो. टायकूनसारखी, त्याला दाद न देणारी जात घेतली तर निम्मी चिंता मिटते. आणि लवकर येणारीच जात घ्या. फूल ते पिकलं फळ यात दीड ते पावणेदोन महिने जातात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला धरलेलं फळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पिकतं, आणि डिसेंबर लागला की कुठल्याही रात्री पारा गोठणबिंदूला टेकू शकतो.

आता वालाचं. ‘एप्रिलमध्ये पावट्याचा वेल लावला, कुंपण झाकून गेलं, पण सप्टेंबर आला तरी एक फूल नाही’ ही तक्रार टोमॅटोच्या तक्रारीसोबतच येते, आणि लोक दोन्हींवर एकच खत घालतात. वालाच्या बऱ्याच गावठी जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. इथला चौदा तासांचा जून त्यांना मुळीच चालत नाही. त्यांना उष्णतेची अडचण नाही, उजेडाची आहे. वेल उपटू नका, छाटून आटोक्यात ठेवा आणि ऑक्टोबरची वाट बघा. रात्रभर जळणारा अंगणातला दिवा नेमका त्या वेलावर पडत असेल तर तो बंद करा. लांब रात्रीचा हिशेब त्याने बिघडतो.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, मटार यांचं काही बिघडत नाही, फक्त ती ऑक्टोबरनंतर टाका. उन्हाळ्यात कोथिंबीर टाकली की हातभर होण्याआधी तिला फुलं येतात, त्याला उपाय नाही.

डिसेंबरात गोठवणाऱ्या रात्रीचा इशारा आला की झाडावरचे सगळे टोमॅटो त्याच संध्याकाळी काढून घ्या, हिरवे असले तरी. ज्यांचा हिरवा रंग फिकट, पांढुरका झालाय आणि सालीला तकाकी आलीय ते पिकतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, एकावर एक न रचता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवा आणि दर दोन दिवसांनी नासका निघालाय का बघा. गर्द हिरवे, टणक राहिलेले पिकणार नाहीत. त्यांची दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची घालून चटणी करा.